फियाटचं इंजिन आणि मामूंची वही

सोलापूरच्या नावावर चादर जमा आहे, शेंगाचटणी जमा आहे, गड्ड्याची जत्रा जमा आहे. मोटारगाडी मात्र सोलापूरच्या खात्यात कुणी धरत नाही. खरं तर ती धरायला हवी. मुंबईत कुर्ल्याला ज्यांनी मोटारीचा कारखाना काढला, ते वालचंद हिराचंद दोशी २३ नोव्हेंबर १८८२ रोजी आपल्या सोलापुरात जन्मले. शाळा इथंच झाली. पुढं मुंबई-पुण्याला कॉलेजात गेले, पण पदवी काही घेतली नाही. माझ्यासारखे बी.ए. झालेले लोक कविता लिहीत बसले आणि पदवी अर्धवट सोडणाऱ्या माणसानं आगबोटी, विमानं आणि मोटारी यांचे कारखाने उभे केले, असं आमचे एक प्राध्यापक वर्गात हसत हसत म्हणायचे.

वालचंदांची सुरुवात आपल्याच मातीतली. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचं कंत्राट घेतलं. तिथून बोरघाटातले बोगदे, मग १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, मग रावळगाव आणि वालचंदनगरची साखर. मोटारीचा विचार त्यांच्या मनात तिशीच्या दशकापासून होता. सर विश्वेश्वरय्या यांनीही त्याच काळात मुंबई इलाख्यात मोटार कारखाना काढण्याची योजना मांडली होती. १९३९ साली वालचंद मोटार कंपन्यांशी बोलणी करायला अमेरिकेला गेले. परतीच्या विमानप्रवासात त्यांना विल्यम पॉली नावाचा अमेरिकन गृहस्थ भेटला. विमानांचा व्यवहार हाच त्याचा धंदा. त्या गप्पांतून १९४० साली बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. मोटार आणायला गेलेला माणूस विमान घेऊन आला!

मोटारीला मात्र थांबावं लागलं. युद्धाच्या दिवसांत इंग्रज सरकारचा या कारखान्याला पाठिंबा मिळेना. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, कुर्ल्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या होत्या. सुटे भाग आणायचे आणि इथं जोडायचे. पुढं इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९५३ साली वालचंद गेले आणि १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी कुर्ल्यात तयार होऊ लागली. जी गाडी घरोघर त्यांच्या कारखान्याची ओळख ठरली, ती पाहायला ते राहिले नाहीत.

आता या गाडीच्या इंजिनाबद्दल थोडं सांगतो, कारण आजचा विषय तेच आहे. चार सिलिंडर. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची वरखाली चाल ७५ मिलिमीटर. चारही मिळून १०८९ सीसी. हे मोजमाप मुळात १९३७ सालचं. तुरिन शहरात दांते जाकोसा नावाच्या तरुण इंजिनिअरनं ते फियाटच्या एका लहान गाडीसाठी आखलं. इटलीत पुढं गाड्या बदलल्या, इंजिनं बदलली. आपल्याकडं मात्र हेच ६८ बाय ७५ चालू राहिलं. पन्नाशीच्या दशकातली ती गोलसर गाडी, जिला लोक प्रेमानं ‘डुक्कर फियाट’ म्हणत, तिच्यात हेच. १९६४ च्या ‘डिलाइट’मध्ये हेच. सत्तरीच्या दशकात फियाटचं नाव उतरलं, गाडी आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ च्या सुमारास ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली, तरी पेट्रोलच्या गाडीत आत तेच. लोकांच्या तोंडी तर ती शेवटपर्यंत फियाटच राहिली.

जाता जाता एक सांगतो. पद्मिनी हे नाव चितोडच्या राणीचं. ती कथा आज जी सर्वांना ठाऊक आहे, ती सोळाव्या शतकात मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीनं अवधी बोलीत ‘पद्मावत’ लिहिलं त्यातून आली. मुंबईची टॅक्सी आणि एका फकिराचं काव्य यांचा असा दुरून का होईना संबंध आहे. मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला याची गंमत वाटली नाही तरच नवल.

एकच इंजिन इतकी वर्षं का टिकलं? ते चांगलं होतं हे खरंच, पण तेवढंच कारण नाही. १९५३ साली सरकारनं धोरण ठरवलं की नुसत्या गाड्या जोडून विकायच्या नाहीत, इथं बनवायच्या. १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडणारी जनरल मोटर्स निघून गेली, फोर्ड निघून गेली. उरल्या दोन-तीन देशी कंपन्या. किती गाड्या काढायच्या ते लायसनवर ठरायचं. गाडीसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. अशा काळात कुठला मालक जुनी गाडी मोडीत काढेल? इंजिन झिजलं की तो ते खोलून घेई. पुन्हा झिजलं की पुन्हा खोलून घेई. म्हणजे इंजिन कुर्ल्याला एकदा तयार व्हायचं आणि नंतर सोलापूर, लातूर, विजापूर, गुलबर्गा अशा गावांत, पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर घराच्या अंगणात, दोनदा-तीनदा नव्यानं तयार व्हायचं. वालचंदांचं चरित्र गं. दे. खानोलकरांनी लिहिलं, ते आपल्याला वाचायला मिळतं. या दुसऱ्या-तिसऱ्या वेळच्या कारखान्याचं चरित्र मात्र कुणी लिहिलेलं नाही.

माझे मामू त्या कारखान्यातले. मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात काम शिकून ते १९६८ साली सोलापूरला परतले आणि घरामागच्या मोकळ्या जागेत पत्रे टाकून बसले. मिस्त्री हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि उस्ताद हा फारसीतून. मामूंना लोक दोन्ही म्हणत. शाळकरी वयात मी सुटीभर तिथं असायचो. काम एकच : नटबोल्ट रॉकेलच्या डब्यात धुवायचे आणि ज्या भागाचे त्या भागाच्या डब्यात ठेवायचे. एका डब्यातला बोल्ट दुसऱ्या डब्यात गेला की मामू आवाज न चढवता म्हणायचे, “भांजे, हर बोल्ट का घर अलग रहता.”

इंजिन झिजतं म्हणजे काय होतं, ते त्यांनीच मला दाखवलं. पिस्टन वरखाली होताना बाजूला रेटा देतो. हजारो मैल असा रेटा बसला की गोल सिलिंडर हळूहळू लांबट होतो, थेट अंड्यासारखा. रिंगा मग नीट चिकटत नाहीत. खालचं ऑइल वर चढतं, जळतं, आणि गाडी निळा धूर सोडते. आपल्याकडची धूळ आणि एप्रिल-मेचं ऊन या झिजेला हातभार लावतात. दुखणं कमी असेल तर ‘हाफ इंजिन’ : हेड काढा, व्हॉल्व्ह घासून बसवा, रिंगा बदला. दुखणं जास्त असेल तर ‘फुल इंजिन’ : चेन पुलीनं अख्खं इंजिन उतरवा, सिलिंडर बोअर करून किंचित मोठे करा, त्या मापाचे मोठे पिस्टन घाला, क्रँक ग्राइंड करून बारीक करा आणि त्या मापाची जाड बेअरिंगं घाला. क्रँकचं माप दहा, वीस, तीस असं बोलतात. दहा म्हणजे इंचाचे दहा हजारांश, आपल्या पाव मिलिमीटरएवढं. तिसापुढं सहसा कुणी जात नाही, कारण धातूही संपतो आणि धीरही.

मामूंजवळ एक वही होती. लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारीला वापरतात तशी. मामू उर्दू शिकलेले, त्यामुळं वही उर्दूत. प्रत्येक इंजिनाला एक पान. तारीख, गाडीचा नंबर, चारही सिलिंडरची मापं, पिस्टन किती मोठे घातले, क्रँक किती घासला, मजुरी किती ठरली आणि किती आली. खाली कधी एखादी ओळ. ‘मालकाला घाई होती. मी नव्हती केली.’ ‘पाणी न बघता विजापूरहून आणली.’ एका पानावर फक्त एवढंच : ‘चाललं.’ १९७१ पासून सुरू झालेली ही वही १९९८ साली थांबते. तोवर मारुतीनं रस्ते व्यापले होते. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या पंधरा वर्षांत फियाटचं काम कमी कमी होत गेलं. दोन हजार सालाच्या आसपास पद्मिनीचं उत्पादनच थांबलं. मामू २००९ साली गेले.

त्यांचा मुलगा, माझा मामेभाऊ, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीनवर काम करतो. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा त्याच्या मनानं घेतलं. घराच्या पोर्चमध्ये १९८२ सालची एक पद्मिनी कितीतरी वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. मामूंच्या जुन्या गिऱ्हाइकानं शेवटी शेवटी त्यांनाच देऊन टाकलेली. इंजिन जाम. तो मला म्हणाला, “भाईजान, अब्बांचं हत्यार आहे, जागा आहे, रविवार आहे. फक्त वही वाचणारं कुणी नाही.” तो मराठी शाळेत शिकला, त्याला उर्दू वाचता येत नाही. मला येतं. अशा रीतीनं वयाच्या पन्नाशीनंतर मी पुन्हा गॅरेजात दाखल झालो.

पाच महिने रविवार-रविवार ते काम चाललं. पोर्चच्या तुळईला चेन पुली बांधून इंजिन उतरवलं. पिस्टन सिलिंडरला गंजानं धरले होते. प्लगच्या भोकातून पातळ तेल सोडून आठवडाभर ठेवलं, तेव्हा क्रँक इंचभर हलला. सगळं खोलून झाल्यावर तो गेज लावून माप सांगायचा आणि मी कागदावर उतरवायचो. तीन नंबरचा सिलिंडर सर्वांत जास्त झिजलेला. ब्लॉक आधी दोनदा बोअर झालेला, आता पुन्हा बोअर करायला धातू उरला नव्हता. मग स्लीव्ह बसवायचं ठरलं. म्हणजे सिलिंडर चांगला मोठा करायचा, त्यात नवी नळी दाबून बसवायची आणि ती आतून मूळ मापाला आणायची. ते काम लेथवाल्याकडून करून घेतलं. ब्लॉक परत आला, मामेभावानं गेज लावला आणि चार वेळा एकच आकडा उच्चारला : अडुसष्ट. १९३७ साली तुरिनमध्ये कागदावर मांडलेला आकडा आमच्या पोर्चमध्ये पुन्हा जागेवर आला होता.

अडचण आली ती हेडची. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनिअमचं. गाडी एकदा तापली की हेड वाकतं. मग ते मशीनवर घासून सपाट करतात. हेही हेड किंचित वाकलेलं होतं. घासून घेऊ, म्हणून मामेभावानं ते पोत्यात बांधूनसुद्धा ठेवलं. त्याच संध्याकाळी मी वहीत त्या गाडीचं पान शोधत होतो. ते १९९१ सालचं निघालं. मापं, मजुरी, आणि खाली दोन ओळी. त्या मी तशाच वाचून दाखवल्या : ‘हेड दो बार घिसा है. तिसरी बार नक्को घिसना, नया डालना.’

हेड घासलं की वरची पोकळी कमी होते, दाब वाढतो, इंजिन ठोके मारू लागतं. फार घासलं तर हेडच दुबळं होतं. मूळ जाडी ठाऊक नसेल तर ते किती वेळा घासलंय हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. आमच्यापाशी मूळ जाडीचा आकडा नव्हता. वहीतल्या त्या दोन ओळीच होत्या. मामेभाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं पोतं सोडलं आणि हेड भिंतीला टेकवून ठेवलं. ‘नक्को घिसना’ हे मामूंनी कुणाला उद्देशून लिहिलं होतं? स्वतःला तर नाही. त्यांना ते ठाऊकच होतं. पुढं कधीतरी जो कुणी हे इंजिन खोलेल, त्याला. तो आपलाच मुलगा असेल, हे त्यांना त्या वेळी कुठून कळणार? तो तेव्हा शाळेत जात होता.

दुसरं हेड हैदराबादला जुन्या सामानाच्या बाजारात मिळालं. सपाट पट्टी लावून, उजेडाकडं धरून, फट नाही याची खात्री करून घेतलं. बोल्ट मधून कडेला, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत आवळले. टॅपेट लावले. पहिल्या दिवशी डेल्को चुकीच्या दातावर बसल्यामुळं कार्बोरेटरमधून नुसते फटाके उडाले. दुसऱ्या रविवारी इंजिन लागलं. मामेभावानं गाडीत बसून नव्हे, तर बॉनेटवर कान ठेवून ते ऐकलं. मामू म्हणत, “इंजन बोलताय, सुननेवाला होना.”

इथं मला बाराव्या-तेराव्या शतकातल्या एका कारागिराची आठवण होते. त्याचं नाव अल-जझरी. आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकीर या शहरात तो राजाच्या पदरी यंत्रं बनवत असे. त्याच्या यंत्रांत क्रँक आहे, कॅम आहे, दोन सिलिंडरचा पाणी उपसणारा पंप आहे. आपल्या मोटारीच्या पोटातले हे अवयव त्याच्या कागदावर आठशे वर्षांपूर्वी दिसतात. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. तू केलेलं लिहून ठेव, असं राजानं त्याला सांगितलं आणि त्यानं १२०६ साली ग्रंथ पुरा केला. त्यात आकृत्या आहेत, मापं आहेत, कुठला भाग कशात बसवायचा ते आहे. म्हणूनच १९७६ साली लंडनमध्ये त्याचं भलं मोठं पाणघड्याळ त्या वर्णनावरून पुन्हा उभं करता आलं. कारागीर गेला, राज्य गेलं, पण मापं राहिली.

आपल्याकडं राजे नव्हते असं नाही, पण मिस्त्रीला ‘लिहून ठेव’ असं कुणी म्हटलं नाही. ज्यांनी ठेवलं त्यांच्या वह्या घरातल्या ट्रंकेत गेल्या आणि तिथून रद्दीत. एकाची उर्दूत होती, दुसऱ्याची मोडक्या मराठीत, तिसऱ्याची कन्नडमध्ये असेल. मुलगा आणि बाप एकाच घरात वेगवेगळी लिपी वाचतात, हे तर आपल्या सोलापुरात घरोघर आहे. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरी मागाचे आणि रंगाचे हिशेब असेच अडकून पडलेले असतील.

कुणी म्हणेल, आता विजेच्या गाड्या आल्या, त्यांना ना पिस्टन ना क्रँक, मग हे सांभाळून काय करायचं? मोटारीच्या बाबतीत त्यांचं म्हणणं बरोबरही असेल. पण कसब एकदम आकाशातून पडत नाही. १९९२ साली आपल्या सोलापुरात सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी जगातल्या मोठमोठ्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. गिरण्यांचं हे गाव. इथं १८७७ साली पहिली गिरणी निघाली आणि पुढं एकेक करत जुन्या गिरण्या बंद पडल्या. अशा गावात केसाएवढ्या फरकावर काम करणारे हात आहेत, याचं अप्रूप बाहेरच्यांना वाटतं. मला वाटत नाही. मी ते हात लहानपणी रॉकेलच्या डब्यापाशी बसून पाहिले आहेत. मायक्रोमीटर लावण्याआधी मामू क्रँकवरून नख फिरवायचे आणि ‘दस’ की ‘बीस’ ते सांगायचे. मायक्रोमीटर नंतर त्यांना दुजोरा द्यायचा.

मामूंच्या वहीची बरीच पानं कोरी आहेत. त्यातल्या पहिल्या कोऱ्या पानावर मामेभावानं या पद्मिनीची नोंद केली, देवनागरीत. चार सिलिंडर, प्रत्येकी ६८. स्लीव्ह चारही नवीन. क्रँक वीस. हेड बदललं, न घासलेलं. मजुरीच्या जागी रेघ मारली. मागची पानं मी मराठीत उतरवून काढतो आहे. रोज एक, जमेल तसं. उर्दूतले काही शब्द मलाही अडतात, कारण ते उर्दू नाहीतच, मुंबईच्या गॅरेजातले आहेत. तेव्हा मामेभावाला फोन करतो. तो माप विचारतो आणि शब्द सांगतो.

आपल्याही घरी माळ्यावर अशी एखादी वही असेल. मिस्त्रीची, विणकराची, सुताराची, हलवायाची. लिपी वाचता येत नाही म्हणून ती रद्दीत देऊ नका. वाचणारं कुणीतरी शेजारच्याच गल्लीत राहत असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)